ढ शरीर

डायलिसिस विभागातल्या टेक्निशियनबाईंचा राग ना रुग्णांवर होता, ना मशीनवर. तो होता स्वतःच्याच शरीरावर. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृत पोखरणारी ती कावीळ, तिची लस त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण घेतली. मग पुन्हा पहिल्यापासून घेतली. रक्तात विषाणूला रोखणाऱ्या अँटिबॉडी किती? औषधालाही नाहीत. लशीत विषाणूच्या वरच्या कवचाचा तुकडा तेवढा असतो. शरीरानं तो पाहून ठेवायचा आणि खरा विषाणू आला की त्याच खुणेवरून त्याला धरायचं. पण यांच्या शरीराला कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि घरी ऐटीत लोळणारा धाकटा भाऊ! त्याला सगळे लाटसाहेबच म्हणत. सुईला घाबरून स्वारी शेवटचा डोस न घेताच पळाली होती. तरी याच्या रक्तात अँटिबॉडी इतक्या, की लॅबवाल्यानं तपासणी पुन्हा करून पाहिली. गाढवाचं नशीब, दुसरं काय!

"अरे, प्लाझ्मा दे," बाई त्याच्या मागे लागल्या होत्या. "तुझ्यासारख्यांच्या प्लाझ्मातून, रक्तातल्या त्या पिवळसर पाण्यातून, अँटिबॉडीचं इंजेक्शन बनतं. माझ्यासारख्यांना तोच आधार."

"देतो ना ताई. आज जरा पाठ धरलीय."

पाठ झाली, सर्दी झाली, मग चष्म्याचा नंबर वाढला. चष्म्याचा आणि प्लाझ्माचा काय संबंध, हे विचारणंही बाईंनी सोडून दिलं.

अशात एका दुपारी बाई सुई काढत असताना रुग्णानं हात झटकला आणि ती सुई बाईंच्या बोटात घुसली. रुग्णाला नेमकी हिपॅटायटिस बी. बोट साबणानं धुताना बाईंना भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त चीड येत होती.

विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी तेच अँटिबॉडीचं इंजेक्शन मागवलं. ते यायच्या आत, बातमी कळताच लाटसाहेब येऊन थडकले, पायात दोन वेगळ्या चपला.

"ते इंजेक्शन करतं काय पण?"

"हजारदा सांगितलंय! विषाणूच्या कवचावर एक उंचवटा असतो. कवच यकृताच्या पेशीला चिकटलं की विषाणू आत शिरलाच. अँटिबॉडी आधीच त्या उंचवट्यावर गच्च बसते. मग त्याला चिकटताच येत नाही, आणि शरीर त्याचा निकाल लावतं."

"आणि ते माझ्या रक्तात आहे?"

"ठासून भरलंय!"

लाटसाहेब पांढरेफटक पडले. मग शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि डोळे घट्ट मिटले.

"काढा डॉक्टर. हवं तेवढं काढा आणि हिला द्या."

"असं थेट देत नाहीत हो."

"का नाही देत? सख्खा भाऊ आहे मी तिचा!"

"अरे मूर्खा," बाई कडाडल्या, "कित्येकांचं एकत्र करून शुद्ध करावं लागतं ते! महिने जातात त्यात! बाही खाली कर!"

त्यानं बाहीही खाली केली नाही आणि डोळेही उघडले नाहीत.

इंजेक्शन आलं. ते टोचून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत मिळालंय. आणखी एक घ्यायचं, पण आता घाबरू नका."

"हे कुणाचं गं, ताई?" मिटल्या डोळ्यांनीच त्यानं विचारलं.

"जे जाऊन देऊन आले, त्यांचं."

त्यानं उघडा दंड तसाच पुढे केला. बाईंनी तो धरला, आणि धरूनच बसल्या.