वीणाच्या पायांखालची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण रस्त्यावरची नव्हे. मला चाकं नाहीत. दोन पायडल आणि एक मोटर, बस्स. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय पट्ट्यांनी बांधले, की मी ते हळूहळू फिरवते.

पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झाले आणि त्याच शहरात के. आर. पुरमला मल्लाप्पांच्या घरी आले. मल्लाप्पा मूळचे निपाणीकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला, वीणाला, मायटोकॉन्ड्रियाचा आजार होता. तिच्या शरीरात पुरेशी ऊर्जाच तयार होत नसे. जिना चढली की ती दिवसभर पडून राही. पुढे गुडघे आखडू लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट पवित्रा यांनी मला आणायला सांगितलं.

पहिल्या सकाळी वीणा स्वतःच्या पावलांकडे बघतच राहिली.

"अप्पा, बघा की, माझे पाय चालायलेत!"

अप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले. काही महिन्यांत तिचे गुडघे सैल झाले, पावलांची सूज उतरली. येणारा-जाणारा माझं कौतुक करी.

एकदा शेजारचे बसवंतकाका आले आणि हसले. "मोटर फिरवते, मग पोरीचा व्यायाम कसला? आळशी होईल ती."

ते शब्द अप्पांना लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी मोटर बंद ठेवली.

"स्वल्प जोर लाव की गं. माझ्यासाठी."

"दमते मी, अप्पा."

"थोडंच."

वडिलांसाठी तिनं दात-ओठ खाऊन सात मिनिटं पायडल मारलं. मला सगळं कळत होतं, पण मी बोलू शकत नव्हते. दुसऱ्या सकाळी तिला चमचाही उचलवेना. पाच दिवस ती दवाखान्यात होती.

"हा आळस नाही, अण्णा," पवित्रा अप्पांना म्हणाल्या. "इतरांची ताकद विश्रांतीनं परत येते. हिची लवकर येत नाही."

वीणा घरी आली, तेव्हा अप्पा माझ्याजवळ जमिनीवर बसले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. वीणानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून वेळ ती ठरवी आणि बटण अप्पा दाबत. मी फिरत राही, दोघं निपाणीच्या बाजाराच्या गप्पा मारत. मित्रांनो, त्या सकाळी मला अजून आठवतात.

आता वीणाकडे हातही फिरवणारं नवं यंत्र आहे. आजार गेलेला नाही, पण ती घरी बसून मुलांना गणित शिकवते. मी गॅलरीत असते. माझ्यावर टॉवेल वाळतात, पट्ट्या कडक झाल्यात. त्याचं मला फारसं दुःख नाही.

एकच मागणं आहे. मला तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण घरातलं कुणी "दमलो" म्हणालं, तर त्याचा शब्द खरा माना.