सूर्य गादीवरून उठला तर

निखतला रेकॉर्डिंगला शांतता लागायची, आणि अख्ख्या अमरावतीत तिला तशी जागा एकच सापडली होती: अब्बांच्या गादी कारखान्यातली मागची खोली. चारी भिंतींना छतापर्यंत पिंजलेला कापूस रचलेला. बाहेर ऑटो कितीही बोंबलले तरी आत मुंगीचा आवाज नाही. सकाळी कोचिंग क्लासात बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचं आणि दुपारी या खोलीत मोबाइल उभा करून, कुणी कधी पाहिलेल्या नाहीत पण गणिताला नामंजूर नाहीत अशा गोष्टी मराठीत समजावून सांगायच्या, असा तिचा क्रम होता. खोली वापरू द्यायला रऊफभाईंनी एकच अट घातली होती. व्हिडिओत लेकीच्या डोक्यामागं दुकानाची पाटी दिसली पाहिजे, फोन नंबरासकट.

ती अटच त्यांच्या अंगाशी आली.

वर्महोलच्या, म्हणजे अवकाशातल्या बोगद्याच्या, व्हिडिओत अवकाश वजनानं कसं दबतं हे दाखवायला निखतनं एका जुन्या गादीच्या मधला कापूस उपसून काढला, टाके सैल केले आणि वर लोखंडी वजन ठेवलं. वजन थेट फरशीला टेकलं. "असा खड्डा खोल होत होत पलीकडं निघाला," ती म्हणाली, "तर इथं शिरलेला माणूस क्षणात अकोल्याला बाहेर पडेल." व्हिडिओ गावोगाव फिरला. लोकांनी अवकाशाकडं काही लक्ष दिलं नाही. त्यांनी गादी पाहिली, पाटी पाहिली आणि फोन लावले.

"रऊफभाई, तुमच्या गादीवर झोपलो तं अकोल्यात जाग येईन काय?"

"येताना रेल्वेचं तिकीट लागन का गादीतूनच वापस?"

रऊफभाई आधी हसले, मग फोन उचलेनासे झाले. अंजनगाव सुर्जीच्या नत्थुजींचा मात्र उचलावाच लागला. त्यांनी मुलीच्या, रागिणीच्या लग्नासाठी गाद्या-रजया सांगितल्या होत्या. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, घरोघरची लग्नं पुढं ढकलली गेली होती आणि हंगामातलं मोठं म्हणावं असं काम हे एकच होतं.

"तुमची गादी फरशीले टेकते म्हंते लोक. आमी येऊन पायतो, मंग ठरवू," नत्थुजी म्हणाले.

रऊफभाईंनी फोन ठेवला. "बेटा, हे काम गेलं तं ही खोली बंद. तुहं विज्ञान मंग ऑटोत बसून सांगजो."

नत्थुजी आले ते बायकोला, दुर्गाबाईंना, आणि थोरल्या बहिणीला, मनकर्णाबाईंना घेऊन. गादी पारखायची त्यांच्या घरात एक रीत होती: लग्नाच्या गादीवर नवरी मुलीच्या आत्याला बसवायचं. या घराला आत्या चांगली भरभक्कम लाभली होती.

निखतनं आधी खुलासा करून पाहिला. "काका, त्या गादीतला कापूस मीच काढला होता. खड्डा दिसावा म्हणून."

"म्हंजे खोटं दाखवलं?" नत्थुजी म्हणाले.

"खोटं नाही, उदाहरण."

"आन तो बोगदा? तो कोनी पायला?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, काकू."

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "कोनी पायला नाई, आन पोरगी इथून अकोल्याचा रस्ता सांगून रायली!"

मनकर्णाबाई लग्नाच्या नव्या गादीवर मधोमध बसल्या. गादी दबली. रऊफभाईंनी मान फिरवली. निखतनं नकळत मोबाइल उचलला.

"माहा फोटो काहून काढून रायली वं?"

"आत्या, तुम्ही सूर्य आहात," निखत म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

मनकर्णाबाईंनी जरा विचार केला, पदर सारखा केला. "मंग काढ."

निखतनं प्रयोगाच्या सामानातली एक गोटी ग्रह म्हणून गादीच्या पार कडेनं सोडली. ती सरळ गेली. रऊफभाईंच्या जिवात जीव आला. लांबच्या ग्रहावर ओढ कमी असते हे निखतला ठाऊक होतं, आणि त्या वेळी तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

"जवळून सोड न, पोरी," दुर्गाबाई म्हणाल्या.

इलाज नव्हता. तिनं गोटी जवळून सोडली. ती वळली, अर्धी चक्कर मारली आणि मनकर्णाबाईंच्या गुडघ्याला जाऊन टेकली.

"खड्डा हाय!" नत्थुजी म्हणाले.

"अरे, सूर्याकडं नाई येनार तं कोनाकडं येईन?" मनकर्णाबाई डाफरल्या. "तू बसून पाय. तुह्याकडं येते का?"

नत्थुजी मागं सरकले. नुसती हाडं-कातडी असलेल्या माणसानं या वादात पडण्यात अर्थ नव्हता.

"आता उठा, आत्या," निखत म्हणाली. खरी परीक्षा ही होती.

मनकर्णाबाई उठल्या. खड्डा तसाच राहिला. रऊफभाई गादीकडं पाहत राहिले. कापूस त्यांनी स्वतः पिंजला होता, टाके स्वतः घातले होते. आणि मग बारीक कुरकुर करत कापूस फुगायला लागला. खड्डा आधी मधून वर आला, मग कडेनं भरला, आणि खोळीवरच्या रेघा सरळ झाल्या. निखतच्या तोंडून आपसूक वर्गातला आवाज निघाला: "सूर्य अचानक उठून गेला तरी आपल्याला लगेच कळणार नाही. आठेक मिनिटं पृथ्वी त्याच्याभोवतीच फिरत राहील. खड्डा असा मधून भरत भरत आपल्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो म्हणून."

"आठ मिनिटं?" रऊफभाई दुखावले. "माही गादी त्याच्या आधी भरते."

दुर्गाबाईंनी गादीवर हात फिरवला. "चांगली हाय. घेऊन टाका." नत्थुजींनी वर एक लोड वाढवून सांगितला.

जाताना मनकर्णाबाईंनी निखतला बाजूला घेतलं. "मी कवा दिसन मोबाइलात?"

"उद्या, आत्या."

"अंजनगावात सगळ्याइले सांगतो. नाव सूर्यच ठेवजो."

पाहुणे गेल्यावर रऊफभाई खोलीच्या दारात उभे राहिले. कुलूप हातात होतं. ते त्यांनी खिशात टाकलं.

"पुढचा व्हिडिओ कायचा काढून रायली?"

"ब्लॅक होल, अब्बा. त्याला फार खोल खड्डा लागतो."

रऊफभाईंनी चौकापलीकडच्या दुसऱ्या गादीवाल्याच्या दुकानाकडं पाहिलं. "मंग गादी त्याच्याकडून आनतो," ते चपला घालत म्हणाले. "नवीनच. काहीच काढा लागनार नाई."