काढून टाकायची यादी

माझी धाकटी जाऊ रोज माझ्याआधी छापखान्यात का येते, हे मला पंधरा दिवस खटकत होतं. कामाची एवढी हौस हिला कधीपासून? शिवाय मी दारात दिसले की कॉम्प्युटरवर उघडलेलं काहीतरी ती झटकन बंद करायची. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आम्ही दोघी अंध मुलांसाठी ब्रेलमध्ये छपाई करतो. मजकुराचे ठिपके करणारा आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो, आणि तो इतका जुना की बनवणाऱ्यांनीच त्याला वाऱ्यावर सोडलाय. एकदा उडाला तर पुन्हा मिळायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमांची यादी उघडून तो जागेवर आहे ना, हे मी बघते. "ताई, आता सगळं नवीन घेऊ या," हे धाकटीचं पालुपद. मी दाद देत नव्हते.

त्या दिवशी मुद्दाम तासभर आधी पोचले. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा, प्रश्नपत्रिका दुपारपर्यंत छापून द्यायच्या होत्या. प्रिंटरसाठी एक छोटं पॅकेज, म्हणजे जोडीचा प्रोग्रॅम, टाकायचं म्हणून तीच यादी उघडली. आता होकाराची कळ दाबणार, तोच आकडा दिसला: एकोणीस पॅकेजं काढायची! नावांपुढे काढण्याच्या खुणा, आणि त्यांत आमचा ठिपक्यांचा प्रोग्रॅमही. मी हात मागे घेतला. पाठोपाठ असा संताप आला की विचारू नका. म्हणजे जुनं मोडून नवीन घ्यायला लावायचा बेत होता तर!

खुणा तशाच ठेवल्या. पुरावा नको का?

धाकटी आली, मला पाहून दचकली. पडद्याकडे नजर जाताच पुढे झाली आणि मेनूतून सगळ्या खुणा रद्द केल्या.

"पुरावा पुसतेस?" मी ओरडले.

"रोजच पुसते, ताई." ती शांतपणे म्हणाली. "काल संध्याकाळी यादी बघून झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? रोजच्यासारखा कीबोर्ड पुसला. कागदाचा भुगा किती बसतो त्यावर!"

तिने माझंच फडकं उचललं आणि उघड्या यादीसमोर कीबोर्डवरून फिरवलं. ते वजाबाकीच्या कळीवरून गेलं, त्या यादीत ती कळ म्हणजे 'काढून टाक', आणि पाच नावांपुढे खुणा उमटल्या.

"बंद केली तरी ही यादी त्या खुणा लक्षात ठेवते. म्हणून लवकर येते."

मी लवकर आले नसते, तर आजही तिने माझ्याआधी खुणा काढून टाकल्या असत्या. 

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होते. तुम्ही दारातूनच विचारलंत, 'माझ्या कॉम्प्युटरला हात कुणी लावला?'"

मला फार लाज वाटली. पडद्यावर तिने दाखवायला केलेल्या पाच खुणा अजून होत्या. मी खुर्ची सोडली.

"तूच काढ," मी म्हटलं. "माझ्या हाताचा भरवसा नाही."