शब्दाला शब्द

काळं, गुळगुळीत, दोन्ही हातांत बरोबर बसणारं – मधे छोटा पडदा, अंगठ्यांखाली दोन बुटक्या दांड्या, त्यातली डावी जरा सैल – आणि हे असलं व्हिडिओ गेमचं यंत्र गावच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या मुलीच्या पिशवीत, वह्यांच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं कशाला असावं? तो छत्री शोधायला गेला होता. निदान स्वतःला त्याने तसंच सांगितलं होतं. रुमालात गुंडाळलेलं म्हणजे लपवलेलं. एवढं कळायला पोलिसात जन्म घालवावा लागत नाही, पण त्याने घालवला होता.

"हे कुठून आलं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

लेक वेणी घालत होती. "शाळेसाठी घेतलंय, बाबा. जुनं आहे. शेवटच्या तासापर्यंत थांबतील त्या मुलांना खेळू देते."

पिशवी उचलून ती बस पकडायला गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग घरी पळतो ही तिची रड त्याला तोंडपाठ होती. म्हणून काय शाळेत पोरांना आमिष दाखवायचं? आज पडद्यावर बंदुका चालवतील, उद्या... तसली तांबारलेल्या डोळ्यांची पोरं त्याने ठाण्यात पाहिली होती. आणि पलीकडच्या गावच्या शाळेतून टीव्ही चोरीला गेल्याची बातमी – त्याबरोबर गेमचा संचही होता ना? जुनं आहे म्हणे. जुनं कुणाचं? माझी मुलगी चोरीचा माल घेणार नाही... ठाण्यातल्या बाकावर बसून प्रत्येक बापाने मला हेच सांगितलं होतं.

भाजी चिरताना, दूध तापवताना त्याने प्रश्न मनात घोळवला. दूध उतू गेलं. तोच प्रश्न वेळ जाऊ देऊन, थोडा फिरवून पुन्हा विचारायचा, ही त्याची पद्धत. नव्या शिपायांना तो ती शिकवायचा. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा जरा वेगळं सांगतो – काही विसरतो, काही नव्याने आठवतं. खोटं मात्र पाठ केलेलं असतं.

संध्याकाळी चहा पुढे ठेवून त्याने विचारलं, "ते खेळणं... कुणी दिलं म्हणालीस?"

"शाळेसाठी घेतलंय, बाबा. जुनं आहे. शेवटच्या तासापर्यंत थांबतील त्या मुलांना खेळू देते."

शब्दाला शब्द. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. सापडली – आणि त्या आनंदाची त्याला भीतीच वाटली.

"तिसऱ्यांदा विचारणार असाल तर आत्ताच विचारा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला पेपर तपासायचेत."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. अशीच भिंतीकडे बघत ती उभी होती... काचेची बरणी फुटली होती तेव्हा. पहिलीत असेल. सकाळी म्हणाली, मांजराने पाडली. रात्री म्हणाली, मांजर पळालं आणि ती पडली. "सकाळी तर वेगळं सांगितलंस," म्हणून त्याने तिला धरलं होतं, जेवण गार होईपर्यंत उभं केलं होतं. त्यानंतर तिने कुठलंच उत्तर कधी बदललं नाही. तापाने फणफणली असतानासुद्धा, कुठे दुखतंय म्हटलं की दर वेळी तेच, त्याच शब्दांत. आणि तो चारचौघांत सांगत फिरायचा, आमची लेक शब्दाची पक्की.

वेगळं बोलली तेव्हा खोटी ठरली. तेच बोलली तर आज खोटी. मग खरं बोलायला मी तिला जागा कुठे ठेवली होती?

तिने रुमाल सोडून ते यंत्र टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, लाल पेनची खरखर ऐकू येत होती. त्याने ते हातात घेतलं. डावी दांडी खूप वापराने झिजली होती – कुणाच्या? प्रश्न गेला नव्हताच. पण त्याला दुसरंही काही विचारायचं होतं, ज्याचं उत्तर त्याला खरंच माहीत नव्हतं: पोरं थांबतात का गं, शेवटच्या तासापर्यंत? त्याने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग आवाज मऊ करून पुन्हा म्हटलं. दोन्ही वेळा ती चौकशीच वाटली.