हातभर वायर

या माऊली, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या; गोष्ट टाळांची आहे, लांबून ऐकली तर तिची धार जाते. कुंडलच्या जालिंदरनानांनी एका दुपारी आपले टाळ दुसऱ्याला द्यायला काढले होते. ते का काढले आणि पुढं काय झालं, तेवढं सांगतो.

नानांचा अर्धा जन्म शिरवळच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या मशीनपाशी गेला. निवृत्तीच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "कान जपा." गावी परतल्यावर नाना कीर्तनात बुवांच्या मागं उभे राहू लागले. टाळ धरायला त्यांना पोरवयात गावातल्या जुन्या टाळकऱ्यानं, दादासोंनी शिकवलेलं. आणि त्याच दादासोंचं पुढं काय झालं, ते नानांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हातारपणी दादासोंचे कान गेले. टाळ मागं पडू लागला. बुवा वळून बघायचे, माणसं उपरण्यात तोंड घालून हसायची, पण सांगितलं कुणीच नाही. शेवटी भर कीर्तनात एकानं त्यांच्या हातातून टाळ काढून घेतले. दादासो खांबापाशी जाऊन बसले, ते पुन्हा देवळात आलेच नाहीत. नानांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं: आपले कान गेले की दुसऱ्यानं काढून घ्यायच्या आत आपणच टाळ खाली ठेवायचे.

घरी एक जुनी कॅसेट होती. वडूजच्या एका बुवांचं, गावच्याच देवळात झालेलं कीर्तन. मागं टाळ दादासोंचे, त्यांच्या भरातल्या दिवसांतले. ती कॅसेट नाना रोज लावायचे. पण आवाज कमी-जास्त करायची मधली पेटी, म्हणजे प्रीअँप्लिफायर, म्हातारा झालेला, बुवा बोलायला थांबले की तो घूं घूं करायचा. म्हणून नाना सांगलीला राजवर्धनकडं गेले. हा पोरगा असली यंत्रं स्वतः बनवतो.

राजवर्धननं दोन पेट्या पुढं ठेवल्या. "ही विजेवरची. आवाजाला जोर देती, पण खाली बारीक सळसळ राहती. आणि ही पॅसिव्ह. हिला विजेची पिनच न्हाई काका. नळाच्या तोटीगत हाय, येतंय ते कमी-जास्त सोडायचं, पदरचं काय घालायचं न्हाई. फकस्त पुढची वायर हातभरच ठेवा."

"बरं बरं," नाना म्हणाले. त्यांचं लक्ष कुठं होतं! दुकानात त्यांनी सोबत नेलेली ती कॅसेट लागली होती आणि दादासोंचे टाळ असे खणखणत होते, की नानांच्या अंगावर काटा आला. बिनविजेची पेटी त्यांनी उराशी धरूनच घरी आणली.

घरी बायकोच्या, आक्काताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खाट माजघरात. सोप्यात नको म्हणाल्या; येणारा-जाणारा बघतो, केस विस्कटलेले, पाय असा लांब. मग नानांनी काय केलं, यंत्रं आणि स्पीकर सोप्यात ठेवले आणि पेटी तेवढी बायकोच्या उशाशी. वायर दारातून आत गेली, पेटीतून फिरून परत बाहेर आली.

"घ्या मालकीणबाई, आवाज तुमच्या हातात."

"आता कसं! इतकी वर्सं तुमचा आवाज कमी करायला बटनच न्हवतं," आक्काताई हसल्या.

नानांनी कॅसेट लावली. बुवांचा गळा तोच, भारदस्त. पण टाळ? टाळांवर कुणी घोंगडं टाकल्यागत.

"टाळ कसं वाटत्यात गं?"

आवाज थोडा चढला, परत उतरला. मग, "चांगलं तर वाजत्यात की."

नानांनी कॅसेट बंद केली. कॅसेट तीच, पेटी तीच, बायकोला ऐकू येतंय. मग बिघडलंय काय ते उघडच होतं. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. स्वतःचे टाळ वाजवून बघायचे, ते खणखणायचे. पण ते हातातले, कानाजवळचे. दादासोंनाही हातातले ऐकू येतच असतील की!

सप्ताह सुरू व्हायचा दिवस उजाडला. संध्याकाळी कीर्तन. दुपारी नानांनी धुळाला फोन करून बोलावलं. तरणा, चांगल्या हाताचा टाळकरी. मग टाळ पुसले, दोरी सारखी केली आणि फडक्यात गुंडाळू लागले. शेवटचं म्हणून कॅसेट लावलेली.

"काय चाललंय वं?" आतून हाक आली.

"टाळ धुळाला देतोय."

"का?"

"कान गेलं माझं. तुला चांगलं ऐकू येतंय, मला मुकं वाटत्यात. उद्या लोक हसायच्या आत..."

दारात मोटरसायकल थांबली. धुळा पायताण काढत होता तेवढ्यात माजघरातून आक्काताई ओरडल्या, "आवं, थांबा! टाळ द्यायचं न्हाईत!"

"आता काय?"

"मला तरी कुठं खणखणीत ऐकू येत्यात? मलाबी मुकंच वाटत्यात!"

"आन् मग चांगलं म्हणलीस ती?"

"तुमी एवढ्या मायेनं वायर वढत आणली. नाव ठेवलं असतं तर पेटी उचलून न्हेली असती. मला वाटलं, राहू दे, तेवढंच माणसाच्या मनाला बरं."

नाना दारातच उभे राहिले. रागवावं की काय करावं! "दोघांस्नीबी मुकं, म्हंजी पेटीचंच काय तरी हाय," म्हणत धुळानं नानांच्या फोनवरून राजवर्धनला फोन लावला.

सगळं ऐकून राजवर्धननं विचारलं, "वायर केवढी टाकलीया काका?"

"सोप्यातनं माजघरात."

"आवं काका! तिला वीज न्हाई, ढकलायला जोर कुठनं आणंल ती? लांब वायरीत वरचं बारीक आवाज मरत्यात. पेटी यंत्राला चिकटून ठेवा आन् बघा."

धुळानं पेटी बाहेर आणली, हातभर वायर जोडली. कॅसेट मागं फिरवली. नानांनी डोळे मिटले. वायरीचा दोष असेल, पण कानांचाही असला तर? आपल्यालाच अजून मुके वाटले तर? बुवांचा आवाज आला. मग बुवा थांबले. शांतता अगदी कोरी, घूं नाही की सळसळ नाही. आणि त्या शांततेत—

खण्ण.

नानांच्या दोन्ही मुठी आपोआप वळल्या, जणू टाळ हातातच आहेत.

"आलं का वं?" आक्काताईंनी विचारलं.

"आलं गं," नाना म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. "दादासो आलं."

फोन चालूच होता. राजवर्धन म्हणाला, "काकूंच्या उशालाच पायजे आसल तर विजेची पेटी पाठवतो. लांब वायर पेलंल, पण सळसळ सोसावी लागंल."

"पाठव," नाना लगेच म्हणाले.

"काय गरज न्हाई!" आक्काताई कडाडल्या. "धुळा, खाट उचल माझी, ठेव त्या यंत्रापाशी."

"काकी, लोक बघतील की."

"बघू दे. मी दादासोंना ऐकीन का लोकांकडं बघीन? आधी तेवढी फणी दे इकडं."

खाट सोप्यात आली. बटण पुन्हा आक्काताईंच्या हाताशी.

संध्याकाळी नाना बुवांच्या मागं उभे राहिले, शेजारी धुळा. उभं राहण्याआधी ते धुळाला म्हणाले, "ज्या दिवशी माझा टाळ मागं पडंल, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. हसायचं न्हाई."

"सांगीन की नाना. लय मोठ्यानं सांगीन, ऐकू यायला पायजे न्हवं!"

नानाच आधी हसले.

तर माऊली, माझं एक मागणं आहे. पुढं कधी टाळांचा खणखणाट कानी पडला, तर आमच्या दादासोंना आठवा. खांबापाशी बसलेले नकोत. बुवांच्या मागं, भर कीर्तनात, टाळ छातीशी धरून उभे असलेले दादासो आठवा.