थोरलीचं यार्ड, धाकटीचा नकाशा

धाकटीने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा थोरली गरम भांडं घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. भांडं ठेवायला टेबलावर जागाच उरली नाही.

"जरा थांब गं," बाबा तिला म्हणाले, "आधी हे बघू दे."

थोरली फडक्यात धरलेलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. हाताला चटके बसत होते, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

नकाशा शहराच्या मधोमध पसरलेल्या जुन्या मालयार्डाचा होता. बाबांनी तिथे डबे जोडण्या-तोडण्याच्या, शंटिंगच्या कामात हाडं झिजवली होती. तिथेच त्यांचा उजवा पाय मालडब्याच्या चाकात सापडला आणि गुडघा कायमचा ताठ झाला. त्याच यार्डाच्या उत्तर टोकाच्या केबिनमध्ये थोरली नोकरीला लागली. रुळांचे सांधे बदलणारे ते पुरुषभर उंचीचे लोखंडी लिव्हर ओढणारी ती पहिलीच बाई. सुरुवातीला लोक तिला बघायला खिडकीखाली जमायचे. आता सगळं यार्ड तिला ताई म्हणायचं आणि तिच्या शब्दावर गाड्या हलवायचं.

धाकटी खूप शिकली, अभियंता झाली, मुख्य कचेरीत गेली. यार्डाच्या पुनर्बांधणीचं काम आलं ते नेमकं तिच्याच पदरात पडलं.

"म्हणजे सगळं मोडणार?" बाबांनी विचारलं.

"मोडणार नाही, नव्याने मांडणार. पूर्वी गाड्या आखूड होत्या, म्हणून लाईनीही आखूड. आता येणारी गाडी यार्डात मावतच नाही. दोन तुकडे करून आत घ्यावी लागते. तोवर तिचं शेपूट रस्त्यावरच्या रेल्वे फाटकावर पडून असतं."

"आणि गावभर हॉर्न!" बाबा खुशीत हसले. "आमच्या वेळेपासूनचं दुखणं आहे ते."

"म्हणून लाईनी कमी करायच्या, पण लांब करायच्या. बंद गोदामांकडे जाणारे वळणाचे रूळ उखडायचे, तिथे कंटेनर उतरवायला पक्की जमीन. सांधे मोटरवर चालतील, एका खोलीतून."

बाबांनी भिंग नकाशावर फिरवलं आणि उत्तर टोकाशी थांबवलं. तिथे एक छोटा चौकोन होता, त्यावर लाल फुली.

"इथे हिची केबिन होती," ते म्हणाले.

होती! थोरली त्याच दुपारी तिथून कामावरून आली होती. तिने भांडं खुर्चीवर आदळलं आणि हात धुवायला निघून गेली.

त्यानंतर नकाशा टेबलावरून हललाच नाही. बाबा सकाळी उठले की भिंग घेऊन बसायचे. कुठली लाईन कुठे मिळते, इंजीन कुठून सुटून कुठे जाईल, हे बोटाने काढत राहायचे. थोरली कामावरून आली की पूर्वी ते विचारायचे, आज कुठली गाडी रखडली, कोण कुणावर ओरडलं. आता विचारायचे, "धाकटीचा फोन आला होता का?"

"मला कशाला करील ती फोन?" थोरली म्हणायची.

तिचा नवरा बस चालवायचा आणि घरातल्या भांडणांतून वाट काढण्यात वाकबगार होता. एकदा तो हळूच म्हणाला, "चेहरा बघ आरशात. लिंबू चोखल्यासारखा झालाय."

"मी काय केलंय?"

"काही नाही. म्हणूनच म्हणतोय, करू नकोस काही."

काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं. यार्डाचा अर्धा भाग बंद, अर्धा चालू. दक्षिणेकडे रुळांखालचे जुने स्लीपर उपटून ढीग लागले, खडी पसरली गेली, आणि थोरलीच्या बाजूच्या उरलेल्या लाईनींवर दुपटीने गाड्या यायला लागल्या. तिचे दंड भरून यायचे. त्यात जो तो सांगायचा, "ताई, बहिणीचं डोकं म्हणजे कमाल हं!" ती मान डोलवायची आणि पुढचा लिव्हर ओढायची. एखादी नवी लाईन खचावी, एखादा सांधा चुकीचा बसावा, असंही तिच्या मनात यायचं. आपल्याच यार्डाचं वाईट चिंततोय हे कळून तिची तिलाच लाज वाटायची. पण लाज वाटून मत्सर कमी व्हायचा नाही, उलट तो आणखी आत जाऊन बसायचा.

एका सकाळी तिने केबिनच्या खिडकीतून खाली पाहिलं. पलीकडच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बाबा बसले होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट. शेजारी धाकटी हात पसरून काहीतरी दाखवत होती. बाबांनी मान वर केली, केबिनकडे काठी उंच धरून हलवली.

थोरलीने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ती लिव्हरच्या मुठी पुसत राहिली, पुसलेल्याच पुन्हा पुसत राहिली. इतक्या वर्षांत तिने बाबांना किती वेळा म्हटलं होतं, एकदा या ना माझ्या केबिनमध्ये. दर वेळी काहीतरी निघायचं. ऊन फार आहे, पोट बरं नाही, परवा बघू. आणि धाकटीने नुसतं बोट दाखवलं, तर म्हातारा हेल्मेट घालून हजर.

पहिल्या नव्या लाईनीवर पहिली लांब गाडी येण्याचा कार्यक्रम होता त्या दिवशी जुने सांधे तोडून नवे जोडायचे होते, म्हणून केबिनच्या माणसांना दुपारपर्यंत सुट्टी होती. बाबा सकाळीच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, उजव्या पायाचा जाड तळव्याचा खास बूट चकचकीत. धाकटीचा थोरलीच्या मोबाईलवर फोन आला.

"ताई, मला इथून निघता येत नाहीये. ड्रायव्हरला पाठवतेय. बाबांना गाडीत बसवून देशील ना? आणि तूही ये."

तूही ये! शेपटाला बांधल्यासारखं. थोरली म्हणाली, "बघते."

ड्रायव्हर आला तेव्हा ती घराच्या फाटकाशीच उभी होती. "बाबांना बरं नाही," ती म्हणाली. "झोपलेत. जा तुम्ही." तोंडातून निघेपर्यंत आपण हे म्हणणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर मान हलवून गेला.

आत येऊन तिने बाबांना सांगितलं, "कार्यक्रम पुढे गेलाय. काहीतरी अडचण आली म्हणे."

"असं का?" बाबा म्हणाले. त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली. ताठ पायामुळे हात पोचायला त्यांना वेळ लागायचा. थोरली मदतीला पुढे झाली नाही. 

घर यार्डापासून दूर नव्हतं. थोड्या वेळाने इंजिनाची शिट्टी ऐकू आली, एक लांबलचक, मग लगेच दुसरी. त्यामागून चाकांचा एकसारखा आवाज येत राहिला, मध्ये कुठेही न थांबता, न तुटता. एवढी लांब गाडी त्या यार्डात अखंड जाताना दोघांनीही कधी ऐकली नव्हती.

बाबा एक बूट हातात घेऊन ऐकत होते. आवाज संपल्यावर ते म्हणाले, "आली वाटतं." बस्स, एवढंच. मग बूट खाटेखाली नीट सरकवून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

संध्याकाळी धाकटी धावतपळत आली. हातात फळांची पिशवी, केसांत धूळ. "बाबा, काय झालं? डॉक्टरला बोलावलं का?"

 थोरली दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," ते धाकटीला म्हणाले, "सकाळी जरा पोट बिघडलं होतं. आता बरं आहे. तू सांग, गाडी किती डब्यांची होती?"

त्यांनी रागावून चार लोकांत पाणउतारा केला असता तर थोरलीने तोंडाला तोंड दिलं असतं. हे तिला सोसवेना. धाकटी निघाली तशी ती तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली.

"बाबांना काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "मीच ड्रायव्हरला परत पाठवलं. बाबांना सांगितलं, कार्यक्रम पुढे गेला."

धाकटीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "का?"

"माझ्या केबिनमध्ये ते कधी आले नाहीत. एकदाही नाही. तुझ्यासाठी मात्र..."

"ताई, तुझ्या केबिनला जिना आहे!" धाकटी ओरडली. "लोखंडी, शिडीसारखा उभा. तो गुडघा घेऊन बाबा चढणार कसे? माझा नकाशा बघितल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? थोरली बसेल त्या नव्या खोलीला जिना आहे का?"

 घर तळमजल्यावरचं, बाजार सपाट रस्त्यावरचा. बाबांना जिना चढताना आपण शेवटचं कधी पाहिलं हे थोरलीला आठवेना. आणि बाबांच्या तोंडून 'जमत नाही' हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते.

"आणि तुला काय वाटतं, मी तुझ्यावर जळत नाही?" धाकटीचा आवाज चिरकला. "त्यांचं खोकणं, रुसणं, सकाळचा चहा, सगळं तुझ्या वाटणीला. मी येते तेव्हा ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागतात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी होतं. तेवढं एक होतं, ताई."

ती गाडीत बसून निघून गेली. पुढचे कित्येक दिवस तिचा फोन आला नाही.

थोरलीने बाबांची माफी मागितली. "बरं बरं," ते म्हणाले आणि विषय बदलला. पण दोन-तीन दिवसांनी स्वतःहूनच म्हणाले, "केबिन पाडायच्या आत मला वर यायचंय. उचलून न्यायचं नाही. ते मला खपणार नाही."

आता आली पंचाईत. काम चालू असल्याने बाहेरच्या माणसाला आत न्यायला परवानगी लागायची, आणि ती द्यायची धाकटीने. थोरलीने दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"बाबांना केबिनमध्ये न्यायचंय, परवानगी पाहिजे होती," ती म्हणाली.

 धाकटी म्हणाली, "हेल्मेट मी आणते."

बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर पाठ करून बसले आणि बसल्या बसल्या उलटे वर सरकायला लागले. डावा पाय रेटायचा, दोन्ही हातांनी कठडा ओढायचा, उजवा पाय काठीसारखा समोर ठेवायचा. थोरली वरच्या बाजूला, धाकटी खालच्या.

"पाय धर त्यांचा!"

"धरलाय! तू खांदा दाबू नकोस, त्यांना दम लागतोय."

"मला कळतं!"

"तुम्ही दोघी गप्प बसा," बाबा धापा टाकत म्हणाले, "नाहीतर मी खाली उतरतो."

वर पोचले तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता. थोरलीने त्यांना स्टूल दिलं. आता ते लिव्हर बघतील, मुठींना हात लावतील, विचारतील, कुठला जड, कुठला हलका. ती शाळेतल्या पोरीसारखी वाट बघत होती. बाबा खिडकीशी वळले. खाली नवे रूळ उन्हात सरळ लांबवर गेले होते.

"वा! वरून काय देखण्या दिसतात गं हिच्या लाईनी!"

थोरलीच्या छातीत ओळखीची कळ आली. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी कावरीबावरी होऊन बाबांना डोळ्यांनी खुणावत होती. ते पाहून थोरलीला अचानक हसू फुटलं, आणि कळ गेली नाही तरी हसू आवरेना. मग बाबांनी विचारलं, "आणि हे सगळं तू एकटी ओढायचीस?" त्यांनी एक मूठ धरून जोर लावला. लिव्हर जागचा हलला नाही.

केबिन पडली. थोरली नव्या खोलीत पडद्यासमोर बसायला शिकली. सुरुवातीला तिला हातांचं काय करावं ते कळायचं नाही. काम मात्र सोपं झालं होतं, हे तिने मनाविरुद्ध कबूल केलं. फाटकावरचे हॉर्न थांबले.

धाकटीला दुसऱ्या शहरातलं आणखी जुनाट यार्ड मिळालं. तिथली केबिनची माणसं तिच्याशी धड बोलत नव्हती. म्हणून तिने थोरलीला फोन केला, "ताई, त्यांच्याशी काय बोलू?"

"आधी नकाशा दाखवू नकोस," थोरली म्हणाली. "आधी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बस. त्यांना बोलू दे."

मग बोलणं लांबत गेलं. कोण तिरसट आहे, कोण ऐकेल, कुणाला कसं घ्यावं. दोघी हसत सुटल्या. खाटेवर बाबा मघापासून हात पुढे करून बसले होते.

"काय एवढं बोलताय?" ते चिडून म्हणाले. "दे की आता मला. माझी कुणाला आठवणच नाही!"

"थांबा जरा," थोरली म्हणाली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.