कौल पडेपर्यंत

मुक्ताबाईची हाळी ज्यानं ऐकली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. आंदर मावळातली ती शेवटची वाडी. एसटी तिथं येते आणि आल्या पावली मागं फिरते. दिवस कलला की मुक्ताबाई देवापुढं दिवा लावायची, कपाळाला अंगारा टेकवायची आणि परड्याच्या कडेला उभी राहून पठाराकडं तोंड करायची.

"चांदेऽऽ, यो यो योऽऽ!"

आवाज आधी पोटातून निघायचा, छातीशी येऊन जरा दम खायचा आणि तिथून जो वर चढायचा तो वाघजाईच्या टेपाडापल्याड जाऊनच उतरायचा. लोणावळ्याकडून धुकं आलं की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही तिथं. पण त्या आवाजाला धरून म्हशी खाली यायच्या. पुढं चांदी, मागं बाकीच्या. आधी घंटा ऐकू यायची, मग वाफाळलेला वास यायचा आणि सगळ्यात शेवटी धुक्यातून शिंगं उगवायची. दिवा आणि हाळी हा मुक्ताबाईचा रोजचा नेम. एकावाचून दुसरं तिला अर्धं वाटायचं.

सून रेणुकानं कितीही घसा फोडला तरी चांदी मान वर करायची नाही.

"तुला वळखत न्हाई ती," मुक्ताबाई म्हणायची.

"वळखती चांगली. मुद्दाम करती. सासूवर गेलीया."

मग त्याच गळ्यात गाठ निघाली. तुळशीच्या माळेखाली सुपारीएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती घोट गिळताना वर-खाली व्हायची. मुलगा संदेश आंबीच्या कंपनीत कामाला. त्यानं रजा टाकून आईला, सोबत रेणुकाला घेऊन, तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं सुई घालून तपासलं. थायरॉईडची गाठ, आणि गाठीत कॅन्सर.

"लवकर सापडलाय," मोठे डॉक्टर म्हणाले. "गाठ काढली की बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात."

मरणाचं मुक्ताबाईनं फारसं मनावर घेतलं नाही. ते वाघजाईवर सोपवून ती मोकळी झाली. तिनं एवढंच विचारलं, "आन् हाळी?"

डॉक्टरांना हाळी कळली नाही. ती कळली समीक्षाला. समीक्षा तिथली तरुण डॉक्टर. गळ्याच्या ऑपरेशनवर तिथं एक संशोधन चाललं होतं आणि बायकांचे आवाज तपासायचं काम तिच्याकडं होतं. तिनं सासू-सुनेला आपल्या छोट्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

"मावशी, त्या गाठीजवळून आवाजाच्या नसा जातात. एक बोलायची. दुसरी वरची, केसासारखी बारीक. तुमची हाळी वर चढते ना, ती या दुसरीच्या जोरावर. डॉक्टर नेहमी नजरेनं जपूनच ऑपरेशन करतात. आम्ही हे बघतोय, की मशीन लावून ती नस आधी शोधली, तर आवाज आणखी चांगला राहतो का? काही बायकांचं मशीन लावून करतो, काहींचं नेहमीसारखं. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं ऑपरेशन होणारच."

"मंग मला कुटलं, ह्ये कोन ठरीवनार? मोठं डाक्तर?"

"कुणीच नाही. बंद पाकीट असतं. तुम्ही झोपलात की उघडतात. त्यात निघेल ते. आणि तुम्हाला ते सांगायचंही नाही."

मुक्ताबाईचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी कौल!"

तिच्या वाडीत अडल्यानडल्या गोष्टीला वाघजाईला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. ज्याचा प्रश्न, त्यानं समोर बसायचं आणि फूल पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. मधे बोललं की कौल मोडतो.

"व्हय का न्हाई? कौलच की ह्यो," ती पुन्हा म्हणाली.

समीक्षा हसली. तळेगावात वाढलेली मुलगी. कौल तिनं लहानपणी आजोळी कधीतरी पाहिला असेल-नसेल. "हो मावशी, तसंच समजा," ती म्हणाली.

आणि मुक्ताबाईनं तसंच समजलं.

"माज्या एकटीसाटी न्हाई ना ह्ये? फुडच्या बायकांनाबी उपेगी पडंल?"

"त्यांच्यासाठीच तर करतोय."

"मंग लाव माजं फूल."

ऑपरेशनच्या आधी समीक्षानं तिचा आवाज टिपून घेतला. बंद खोलीत एक बारीक माईक समोर ठेवून आधी 'आऽ' म्हणायला लावलं, मग म्हणाली, "आता हाळी द्या." मुक्ताबाई लाजली. म्हशी नाहीत, पठार नाही, कुणाला हाक मारायची? मग तिनं डोळे मिटले आणि दिली. पडद्यावरची हिरवी रेघ अशी उसळली की समीक्षा खुर्चीतच मागं सरकली. बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

रेणुकानं ती हाळी आपल्या मोबाईलवरही घेऊन ठेवली. "तुमी हितं असताना चांदीला ऐकवीन," म्हणाली.

*

जाग आली तेव्हा भोवती धुकं होतं.

पांढरं, गार, वाऱ्यानं हलकं हलणारं. मुक्ताबाईला वाटलं, आपण पठारावर बसल्या बसल्या पेंगलो. लांब कुठंतरी एका लयीत घंटा वाजत होती. चांदीच असणार. पण घंटा जवळही येत नव्हती नि लांबही जात नव्हती. धुक्यात वाघजाई उभी होती, शेंदरानं माखलेली, दोन्ही खांद्यांवर दोन पांढरी फुलं. तिच्या बाजूला हिरवी टोपी घातलेला गुरव. मुक्ताबाई टक लावून फुलांकडं बघत राहिली. उजवं हललं का? नाही, तो वारा.

"मावशी, उठा. झालं ऑपरेशन. नाव सांगा बघू तुमचं."

गुरव कधी नाव विचारतो का? तिनं ओठ घट्ट मिटले.

"मुक्ताबाई! एक शब्द बोला. काहीही."

धुक्याचा पडदा झाला, घंटेचं मशीन झालं, गुरवाचे मोठे डॉक्टर झाले. सगळं ध्यानात आलं. ऑपरेशन झालं, पाकीट उघडलं. कौल लागला, पण पडला कुठं? उजवं की डावं, ते कुणी सांगितलंच नाही. सांगायचं नाही असं समीक्षा म्हणाली होती खरी, पण पडलेलं फूल कळल्याशिवाय कौल सुटतो कसा? ती डॉक्टरांकडं बघत राहिली, की आता सांगतील. ते तिच्याकडं बघत राहिले, की आता बोलेल.

हाताला मुंग्या येतात का विचारलं, तिनं मान हलवली, नाही. श्वास लागतो का? नाही. दुखतंय? थोडं. पण तोंड उघडेना. डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून घशात पाहिलं.

"आवाजाचे दोन्ही पडदे छान हलतायत," ते सिस्टरला म्हणाले. "मग बाई बोलत का नाहीत?"

दुपार झाली. खाटेवरून खिडकीतला डोंगराचा तुकडा दिसत होता, ऊन त्याच्यावरून सरकत होतं. मुक्ताबाई निजत होती, उठत होती आणि दर खेपेला आधी गळ्याकडं हात नेत होती. पट्टीखाली आवाज आहे का, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? खरं सांगायचं तर मौन आता तिला बरं वाटायला लागलं होतं. बोललं नाही तोवर आवाज गेलाही नव्हता. कौलाच्या आडोशाला भ्यायला जागा होती. ते तिचं तिला कळत होतं आणि वाघजाईपुढं लाजही वाटत होती.

रेणुका वाडीवरून आली ती धापा टाकत. सासूजवळ टेकली. "आत्या, चांदीला लावली तुमची हाळी मोबाईलवर. कान टवकारलं, चालत आली, मोबाईल हुंगला आन् शिंगानं दिला उडवून. काच फुटली बगा!"

मुक्ताबाईच्या पोटात हसू उसळलं. तिनं ते दाबलं, टाक्याला कळ लागली, डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज नाही. रेणुकानं तिच्याकडं नीट पाहिलं. मिटलेले ओठ, मांडीवर ठेवलेले दोन हात, नजर समोर. असं बसलेलं तिनं वाघजाईच्या देवळात पाहिलं होतं. ती उठली आणि थेट समीक्षाच्या खोलीत गेली.

"डाक्तरबाई, आत्याचा आवाज गेल्याला न्हाई. त्या कौलाला बसल्यात. फूल पडल्याबिगर बोलायच्या न्हाईत. काय निघालं पाकिटात तेवडं सांगा, म्हंजी सुटल्या."

समीक्षानं कपाळाला हात लावला. "तसंच समजा, म्हणाले होते मी!"

ती धावतच आली. मुक्ताबाईचा हात हातात घेऊन खाटेच्या कडेवर बसली.

"मावशी, चूक माझी. पण पाकिटात काय निघालं ते मी सांगू शकत नाही, कारण मलाच माहीत नाही. मी ऑपरेशनला आत नव्हते. मुद्दामच नव्हते. तुमचा आवाज मलाच तपासायचाय. तुम्हाला मशीन लावलं होतं हे मला कळलं, तर तुमचा आवाज मला उगाच गोड लागेल. नव्हतं लावलं असं कळलं, तर उगाच बोचेल. माझा कान खोटं बोलेल."

मुक्ताबाईनं दाराकडं, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीच्या दिशेनं बोट केलं.

"त्यांना माहीत आहे. पण ते बोलणार नाहीत. सगळ्या बायकांचं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय."

गुरव फूल लावतो, पण ते पडायच्या आत बोलत नाही, हे मुक्ताबाईला लगेच पटलं. राहिला प्रश्न फुलाचा. ती डोळे मिटून बसली. वाघजाई पुन्हा समोर आली आणि या वेळी तिच्या खांद्यांवर दोनच फुलं नव्हती. कुठल्या कुठल्या गावच्या, कधी न पाहिलेल्या बायकांची फुलं होती, अंगभर चिकटलेली, ओली. देवी नुसती फुलांची झाली होती. पाकीट उघडलं तेव्हा फूल फक्त लागलं होतं. ते पडायचं होतं अजून. आणि बाया बोलल्याशिवाय, हाका मारल्याशिवाय ते पडणार कसं?

तिनं ओठ उघडले. आधी नुसती हवा आली. मग घोगरा, वाळल्या पाचोळ्यासारखा आवाज आला.

"रेणुके... काच कितीला बसती?"

रेणुका हसता हसता रडायला लागली.

*

घरी आल्यावर बोलणं हळूहळू निवळलं. दिवा पुन्हा सुरू झाला. हाळी मात्र मुक्ताबाई देईना. "टाकं वलं हायती," म्हणायची. टाके केव्हाच वाळले होते. रेणुका आणि संदेश काठ्या घेऊन पठारावर जायचे, चांदीला मागून हाकत आणायचे आणि तिच्या शेपटीचे फटके खाऊन घरी यायचे.

मग एका संध्याकाळी सगळ्या म्हशी आल्या, चांदी आली नाही. ती गाभण, दिवस भरत आलेले. पठारावर बिबट्याची ये-जा. आणि धुकं असं उतरलं की परड्याचं कुंपणसुद्धा दिसेना.

रेणुका घसा फोडून परत आली. सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली.

मुक्ताबाईनं दिव्याची वात सारखी केली. अंगारा लावला. परड्याच्या कडेला गेली, पठाराकडं तोंड केलं.

"चांदेऽऽ..."

आवाज पोटातून निघाला, छातीशी आला, वर चढला आणि जिथून टेपाडापल्याड उडी घ्यायची तिथं फाटला. वरचं टोक नव्हतंच. जिना चढता चढता शेवटची पायरी नाही, तसं. मुक्ताबाई क्षणभर त्या रिकाम्या जागी उभी राहिली. इतके दिवस आपण ज्याला भ्यालो ते हेच होतं तर. समोर धुकं होतं, पाठीशी दिवा होता, आणि वर कुठंतरी एक अवघडलेली म्हैस.

तिनं पुन्हा श्वास घेतला. या वेळी वर गेलीच नाही. पोटातला आवाज पोटाच्याच उंचीवर ठेवला, जाड, रुंद, जमिनीलगत वाहणारा, आणि लांबवत राहिली. "यो यो योऽऽ..." थांबायची, ऐकायची, पुन्हा द्यायची. धुकं तो आवाज घेऊन सावकाश वर सरकत गेल्यासारखं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग घंटा वाजली. एकदा. थांबली. पुन्हा वाजली. वाफाळलेला वास आला आणि धुक्यातून शिंगं उगवली. चांदी जवळ आली, मुक्ताबाईच्या गळ्यावरचा वण तिनं हुंगला आणि खरखरीत जिभेनं एकदा चाटला.

"मोबाईलगत उडवू नको म्हंजी झालं," रेणुका म्हणाली.

पुढच्या तपासणीला समीक्षानं पुन्हा माईक लावला. हिरवी रेघ चढली आणि मधेच वळली. समीक्षाचा चेहरा पडला, तो तिनं लगेच सावरला. मग ठरलेला प्रश्न विचारला, "मावशी, तुमच्या मते आवाज पहिल्यासारखा आहे का?"

पोर कष्टाळू होती, मायेची होती. 'बेस हाय' म्हणावं, तिला बरं वाटेल, असं मुक्ताबाईच्या जिभेवर आलंही. पण कौलात खोटं मिसळलं तर पुढच्या बायकांनी काय करायचं?

"न्हाई," ती म्हणाली. "वरचं टोक गेलं. पर म्हस आली. दोन्ही लिव्ह."

समीक्षानं दोन्ही लिहिलं.

"आन् आमचं पाकीट?"

"कपाटातच आहे अजून. खूप बायका राहिल्यात."

"ऱ्हाऊ दे," मुक्ताबाई पदर सावरत उठली. "फुलाला घाई करू ने. चल गं रेणुके, दिवेलागणीच्या आत घरी पोचलं पायजे. चांदीची हाळी ऱ्हायलीया."